आधी हात बघून घ्या

उषाकाकू कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आधी दोन्ही हात पुढे करायच्या. आधी तळवे, मग उलटे करून बोटं. "आधी हात बघून घ्या. इसब आहे. कुणाला लागत नाही. आता बसू का उभ्यानंच बोलू?" समोरची बाई ओशाळून "अहो काकू, हे काय, बसा ना" म्हणाली की त्या आत यायच्या, आणि पाच मिनिटांनी तिच्या चहात आलं कमी पडलंय हेही सांगायच्या. नव्या माणसाला हा सगळा प्रकार आगाऊपणाचा वाटे. माझ्या नवऱ्याला तर बरीच वर्षं वाटत होता. पण जिनं याच हातांना पदराखाली लपवून दोन वर्षं काढलेली मी पाहिली होती, तिचा हा आगाऊपणा मला फार आवडायचा.

झाशीला ओरछा गेटच्या आत आमची गल्ली आहे. तिथे मराठी घरं उरली तीन. कुणाचे पूर्वज कारभारी म्हणून इकडे आले, कुणाचे भटजी म्हणून. आताचे आम्ही कुणी बँकेत, कुणी रेल्वेत. मुलांना मराठी कळतं, पण उत्तर येतं हिंदीत. काकूंचं घर आमच्या अगदी समोर. घरात काका, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले आणि जन्मात आवाज न चढवलेले. मुलगा मंदार नोकरीसाठी कानपूरला. आणि काकांची थोरली बहीण, विमल. तरुणपणी विधवा होऊन त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या. काकू त्यांना वन्सं म्हणत, म्हणून अख्खी गल्ली वन्सं म्हणे. दूधवाला 'वन्संजी' म्हणत असे.

वन्संचं सोवळं म्हणजे वन्संचं राज्य होतं. कुळाचार असला की स्वयंपाक धुतल्या, न शिवलेल्या वस्त्रानं. एका पातेल्याला हात लागला की दुसऱ्याला लावण्याआधी धुवायचा. मीठ घेतलं, धुवा. डबा उघडला, धुवा. हे सगळं करायच्या काकू, वन्सं दारात पाटावर बसून बघायच्या. काकूंनाही त्याचा अभिमान होता. झाशीतल्या कुठल्याही मराठी घरी देवकार्य निघालं की पुरण घालायला उषाकाकूंनाच बोलावणं जाई, आणि त्या साठीच्या उंबरठ्यावरही परातभर पुरण एकटीनं वाटून काढत.

सुरुवात झाली ती अंगठीखाली. इवलासा लाल डाग, खाज, बारीक पाण्याचे फोड. मग बोटांच्या बेचक्यांत. मग तळव्याची साल निघू लागली आणि थंडीत बोटांच्या पेरांना अशा चिरा पडल्या की मीठ घेताना काकू डोळे मिटून घ्यायच्या. घरात त्याला इसब म्हणाले, गल्लीत छाजन म्हणाले, आणि मनात सगळ्यांनीच घाण म्हटलं. वन्संनी उघड म्हटलं. "हात स्वच्छ नसले की होतं असं. धू अजून."

आणि काकूंनी धुतले. हीच त्या घराची चूक. दुसऱ्या कुठल्या घरात बाईनं हात दुखतात म्हणून काम टाकलं असतं. इथे सोवळ्यात वाढलेल्या बाईनं दुखणाऱ्या हातांना आणखी सोवळं पाजलं. कडुलिंबाचं उकळतं पाणी, कपडे धुवायचा साबण, जंतुनाशक, वर हळद आणि लिंबाची साल. जितकं धुवावं तितकं फुटे, आणि जितकं फुटे तितकं धुवावं. बोलावणी हळूहळू थांबली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. "काकू, यंदा आम्ही बाहेरूनच पुरणपोळ्या मागवतोय" एवढंच. वन्संनी काकूंच्या हातून काही घेणं सोडलं. पाण्याचा तांब्यासुद्धा. "खाली ठेव, मी घेते," म्हणायच्या. काकू तांब्या फरशीवर ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायच्या, मग वन्सं उचलायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि तेव्हा काही बोलले नाही.

बोलले नाही, पण शहाणपणा केला. बाजारातून जाड पिवळे रबरी हातमोजे आणून गुपचूप काकूंना दिले. वन्सं देवळात गेल्या की काकू ते घालून भांडी घासायच्या. महिन्याभरात मनगटापर्यंत लाल झाल्या. मग मीच बँकेतून अर्धी सुट्टी टाकली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

त्वचेची डॉक्टर पंचविशीतली, झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावची, बोलण्यात बुंदेली हेल. काकू हात पदराखालून काढेनात. ती म्हणाली, "अम्मा जी, शर्माइये मत, मैंने इससे बुरे देखे हैं." मग तिनं विचारलं, दिवसातून किती वेळा हात धुता. काकू मोजायला लागल्या. उठल्यावर, पूजेआधी, पूजेनंतर, पिठाआधी... चाळिसाच्या पुढे गेल्यावर त्या स्वतःच थांबल्या. डॉक्टर हसली नाही. ती म्हणाली, "गंदगी से नहीं हुआ है, अम्मा जी. धोने से हुआ है. और ये किसी को लगता नहीं है." काकूंनी तिला ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेधा, ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू."

पुढची पायरी मात्र भलतीच निघाली. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला डॉक्टरनं काकूंच्या पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सांगितलं, दोन दिवस पाठीला पाणी लागता कामा नये. म्हणजे अंघोळ नाही. आमच्याकडे अंघोळ न करता चुलीपाशी जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. वन्संनी काकूंना मागच्या खोलीत चटई टाकून दिली, ताट वेगळं, पेला वेगळा. मी ऑफिसातून येताना डोकावले तर काकू चटईवर मांडी घालून वर्तमानपत्र वाचत होत्या. "ये, ये," म्हणाल्या, "पण लांब बस बाई. साठीत पुन्हा बाजूला बसलेय मी. विटाळ संपून दहा वर्षं झाली, पण वन्संना आठवण येत होती." आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. मला वाटतं, काकूंमधली भीती त्या चटईवरच कुठेतरी गळून पडली. बाजूला बसवून झालं, आता याहून जास्त काय करणार, हे त्यांना कळलं.

पट्ट्या निघाल्या तेव्हा एक ठिपका लालभडक उठला होता. रबरात घालतात त्या रसायनाचा. म्हणजे माझ्या पिवळ्या हातमोज्यांचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी मला परतीच्या रिक्षात खूप छळलं. "रोग माझा, आणि त्याला खाऊ घालत होतीस तू." मग माझा हात आपल्या फुटक्या हातात घेऊन थोपटला.

त्यानंतर काकूंनी नियम केले, आणि वन्संच्या सोवळ्याहून ते कडक निघाले. अंगठी काढली, देवापुढच्या डबीत टाकली. सवाष्णीनं अंगठी काढायची का यावर दोन दिवस धुसफूस झाली. हात धुवायचे ते कोमट पाण्यानं, तेही गरज असेल तेव्हाच, खळखळ साबणानं नाही. लसूण, लिंबू, टोमॅटो यांना उघडा हात नाही. पाण्याचं काम आलंच तर आत पातळ सुती मोजा, वरून प्लॅस्टिकचा, रबराचा नाही. खाज उठली, लाली आली की डॉक्टरनं दिलेलं औषधी मलम सांगितले तेवढेच दिवस, मग बंद. आणि रोजचं, बिनवासाचं चिकट पांढरं मलम मात्र दिवसभर. त्याची लहान डबी काकू कनवटीला खोचून ठेवत. "पाणी लागलं की टॉवेल, टॉवेल झाला की मलम," असं त्या गाण्यासारखं म्हणत. मध्ये उशीर झालेला त्यांना चालत नसे. बोलता बोलता कनवटीची डबी निघायची, बोटं चोपडली जायची, डबी परत जायची.

भांडी घासायला काका बसले. अंगणातल्या नळाशी, चड्डी-बनियनवर, गल्लीला दिसेल असे. वन्संनी तीन दिवस भावाशी अबोला धरला. काका चौथ्या दिवशी कढई घासता घासता एवढंच म्हणाले, "ताई, हिच्या हातांनी पस्तीस वर्षं जेवलोय मी." आणि पुन्हा कढई घासू लागले. त्यांच्या आयुष्यातलं मला माहीत असलेलं हे सगळ्यात मोठं भाषण.

तरी खरी लढाई पुढेच होती. माघात मंदारचं लग्न ठरलं, कानपूरच्याच मुलीशी, पूजाशी. लग्नानंतर घरी बोडण. ज्यांच्याकडे नसतं त्यांच्यासाठी सांगते: चार सवाष्णी आणि एक कुमारिका मोठ्या परातीभोवती बसतात. परातीत देवी, पुरण, दूध, दही, तूप, मध, साखर. पाचही जणींनी उघड्या हातांनी ते एकत्र कालवायचं. कुमारिकेला विचारायचं, अजून काय हवं, आणि ती मागेल ते द्यायचं. तिचं समाधान झालं की बोडण झालं. हातात हात मिसळल्याशिवाय हे कार्य होतच नाही, आणि मुलाच्या लग्नाच्या बोडणात त्याच्या आईनं बसायचं असतं.

वन्सं म्हणाल्या, उषा बसणार नाही. काकू म्हणाल्या, मी बसणार नसेन तर या घरात बोडण होणार नाही. नेमका माघ, झाशीची कोरडी थंडी, हातांना सगळ्यात वाईट महिना. काकूंनी वन्संना उलट एक वचन दिलं. एक जरी चीर उघडी असली तर मी आपण होऊन उठेन. "पण ते माझ्यासाठी, वन्सं. मध-दही झोंबतं म्हणून. तुम्हाला लागेल म्हणून नाही." त्या महिनाभर मी त्या बाईची शिस्त पाहिली. लग्नाच्या धामधुमीत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, त्यांनी एक वाटी विसळली नाही. पाहुण्या बायका कुजबुजत, सासूबाईंना कामाची सवय दिसत नाही. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि डबी काढत.

बोडणाच्या सकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्यापुढे दोन्ही हात धरले. कातडी जाड होती, काळपट होती, पण सगळीकडून मिटलेली होती. "बघून घे नीट," म्हणाल्या. "तू साक्षीदार आहेस." मग तशाच उलट पावली गेल्या आणि वन्संपुढे हात धरले. दारात जमलेल्या सगळ्या बायकांच्या, आणि बबिन्याच्या लष्करी छावणीतून वन्संनीच सवाष्ण म्हणून बोलावलेल्या सुभेदारणीच्याही देखत. तो पहिला दिवस, त्यांच्या त्या सवयीचा.

वन्संनी हातांकडे पाहिलंच नाही. "इसब ते इसब. देवीच्या कामात चालायचं नाही."

काकूंचा आवाज चढला नाही. "बबिन्याच्या सुभेदारणीचं गोत्र तुम्ही विचारलं नाहीत. पूजाचं माहेर विचारलं नाहीत. झाशीत सवाष्ण मिळत नाही म्हणून नियम वाकला, तुम्हीच वाकवलात. माझ्यासाठी वाकवूही नका. हा विटाळ नाही, कातडीचं दुखणं आहे. मी बसतेय." आणि परातीपाशी जाऊन बसल्या.

बसलो आम्ही. काकू, नवी नवरी पूजा, बबिन्याच्या छावणीतली ती साताऱ्याकडची सुभेदारीण, मी, आणि कुमारिका म्हणून माझी सात वर्षांची इरा. वन्सं नेहमीसारख्या दाराशी, बाहेर. विधवेनं परातीजवळ यायचं नसतं, हा नियम त्यांनी स्वतःवर तर कधीच वाकवला नव्हता. कालवायला सुरुवात झाली. आणि मी पाहिलं की सुभेदारीण परातीच्या काठाकाठानं बोटं फिरवतेय. पूजा, बिचारी, तिचं बघून तसंच करतेय. आणि माझाही हात काठाशीच होता. दवाखान्यात सोबत गेलेली मी, दोनदा साक्षीदार झालेली मी, सगळं कळून माझा हात काठाशी होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मध्ये फक्त दोन हात राहिले, काकूंचा आणि इराचा. काकू खाली मान घालून कालवत होत्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

रीतीप्रमाणे काकूंनी विचारलं, "अजून काय हवं ग कुमारिके?"

इरानं दूध मागितलं. ओतलं. दही मागितलं. ओतलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती कंटाळून म्हणाली, "मेरा हाथ दुख गया. बस आजी और मैं कर रहे हैं. सब लोग बीच में करो ना."

परातीतलं दूध काठाकडे सरकत होतं. कुमारिका मागेल ते द्यायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण असलं मागणं कुणी ऐकलं नव्हतं. मी वर पाहिलं. वन्संचा चेहरा दगडासारखा. रीत मोडली असं त्यांच्या डोळ्यांदेखत आजवर घडलं नव्हतं, आणि आता दोन्हीकडून रीतच उभी होती.

"कुमारिकेनं मागितलंय," वन्सं म्हणाल्या. "हात आत घ्या."

आम्ही घेतले. माझ्या बोटांना काकूंची बोटं लागली, पुरणानं माखलेली, खरखरीत, उबदार. इरा म्हणाली, "अब हो गया."

त्या दिवसापासून काकू हात पुढे करून घरोघर हिंडू लागल्या. बोलावणी परत आली. काही घरांतून आली नाहीत, तिथे त्या न बोलावता गेल्या. इसब मात्र गेलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत फिरून उमटलंच. मी हिरमुसले तर काकूच मला समजावू लागल्या. "जावई आहे तो, मेधा. घराबाहेर काढता येत नाही. पण मान राखला तर गप्प बसतो." बरं होईल का, असं विचारणाऱ्याला त्या ठणकावून सांगत, बरं होत नसतं, आवरतं, आणि आवरतं तेही पुरे.

गल्लीत भांडी घासणाऱ्या रामकलीचे हात पाहिल्यावर तर त्यांच्या अंगात आलंच. ती राखेनं आणि साबणवडीनं पाच घरची भांडी घासायची, गार पाण्यात. "काकी, हमाए हाथन में तो रात-दिन आग लगत," एवढंच म्हणाली होती. काकूंनी पाचही घरी जाऊन सांगितलं, हिला प्लॅस्टिकचे मोजे आणि कोमट पाणी द्या, नाहीतर तुमच्या घरचं मी पाणी पिणार नाही. चार घरांनी दिलं. पाचव्या घरी काकू खरंच शेवटपर्यंत पाणी प्यायल्या नाहीत, आणि पाचवं घर माझ्या सख्ख्या नणंदेचं होतं.

मंदारला मुलगी झाली तेव्हा पुन्हा बोडण निघालं. काकू वन्संना म्हणाल्या, यंदा तुम्हीही बसा, मी सांभाळते बोलणाऱ्यांना. वन्संनी मान हलवली. "नको उषा. मला नाही जमायचं." काकूंनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा नाही. मला नंतर म्हणाल्या, "माझं बरं होतं. माझ्या दुखण्यावर निदान डॉक्टर होती." वन्सं तांब्या मात्र अजूनही फरशीवरूनच उचलत. काकू म्हणायच्या, आता ती त्यांची सवय आहे, त्यांच्या वयाला मोडता येत नाही. पण ठेवताना त्या तांब्या जरा वाजवून ठेवायच्या.

गेल्या पौषात काकू गेल्या. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. घरी आणल्यावर आम्ही बायकांनी अंघोळ घालायला घेतलं. लुगडं सोडताना कनवटीतून डबी निघाली आणि फरशीवर गडगडत गेली. मी उचलून बाजूला ठेवली. पाणी घातलं, अंग पुसलं, हिरवी साडी नेसवली, कुंकू लावलं. थंडीचे दिवस, बोटांच्या पेरांना चिरा होत्या, आणि पाण्यानंतर हात कोरडे पांढरे पडले होते. मला ते बघवेना. मी डबी उघडली आणि त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. टॉवेल झाला की मलम.

कुणीतरी मागून म्हणालं, "मेधा, आता कशाला ते?"

मी एकेक बोट चोपडत राहिले. इतक्यात दारातली पावलं आत आली. वन्सं, ऐंशीच्या घरातल्या, भिंतीला धरून माझ्यासमोर खाली बसल्या. मी सवयीनं डबी फरशीवर ठेवायला गेले.

"खाली नको ठेवूस," त्या म्हणाल्या आणि तळवा पुढे केला. "हातात दे."

मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी काकूंचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.